जावई गाडी चालवणार म्हणतात, किल्ली द्यावी का?

प्रश्न : मी विलेपार्ल्यात राहते. माझी मुलगी नेदरलँड्समध्ये असते आणि जावई तिथलेच आहेत. डिसेंबरच्या शेवटी दोघे चार वर्षांच्या नातवाला घेऊन तीन आठवड्यांसाठी येत आहेत. आमच्या गुहागरच्या घरी स्वतः गाडी चालवत जायचे, हे जावयांनी मनात घेतले आहे. यजमान म्हणतात, आपलीच गाडी देऊ. दीर म्हणतात, परदेशी माणसाने इथे गाडी चालवली तर पोलीस आत टाकतील. मुलीने भाड्याची एक गाडी पाहून ठेवली आहे. त्याच दिवसांत बहिणीचा सतरा वर्षांचा मुलगा अमेरिकेहून येतो आहे. त्याच्याकडे तिथला परवाना आहे आणि त्यालाही इथे गाडी चालवायची आहे. कुणाचे ऐकावे?

उत्तर : ताई, आपल्या दिरांची भीती आधी दूर करते. परदेशी पाहुण्याने आपल्याकडे गाडी चालवणे हा गुन्हा नाही. त्याच्या देशाचा वैध परवाना आणि त्या परवान्याच्या आधारे त्याच देशात काढलेले इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, ही दोन्ही कागदपत्रे मूळ स्वरूपात जवळ असली की त्याला मोटार चालवता येते. रस्ते वाहतुकीविषयीच्या १९४९ च्या जिनेव्हा करारात भारत सहभागी आहे आणि त्या कराराच्या नमुन्यातले परमिट काढल्यापासून एक वर्ष चालते. हे परमिट स्वतंत्र परवाना नसून मूळ परवान्याचे अधिकृत भाषांतर आहे, त्यामुळे दोहोंपैकी एक कागद उट्रेख्तच्या किंवा आम्सटरडॅमच्या घरी राहिला तर दुसऱ्याचा उपयोग उरत नाही. जावयांना ते तिथल्या एएनडब्ल्यूबी या वाहनचालकांच्या संघटनेकडून सहज मिळेल. मात्र ते निघण्यापूर्वीच काढायला हवे, कारण मुंबईतले आरटीओ असे परमिट फक्त भारतीय परवाना असलेल्यांनाच देते. पासपोर्टचा फोटो पाठवा आणि घरबसल्या परमिट मिळवा, अशा जाहिराती करणारी अनेक संकेतस्थळे आहेत. त्यांच्या कागदाला कायद्यात किंमत नाही, तेव्हा तिथे एक युरोही घालवू नका असे जावयांना आजच कळवावे. आपण नाक्यावर पोलिसाला डिजिलॉकरमधला परवाना मोबाइलवर दाखवतो, ती सोय परदेशी परवान्याला नाही. त्यांना कागदच दाखवावा लागेल आणि सोबत पासपोर्ट आणि व्हिसाही ठेवावा लागेल.

कागद नसतील तर मात्र दिरांचे म्हणणे फार चुकीचे ठरत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८१ प्रमाणे वैध परवान्याविना गाडी चालवणाऱ्याला पाच हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, आणि अशा माणसाच्या हाती किल्ली देणाऱ्या मालकालाही कलम १८० खाली तेवढीच शिक्षा सांगितली आहे. म्हणजे आपल्या यजमानांनी गाडी द्यायची ठरवली तर जावयांचे परमिट पाहणे ही त्यांची स्वतःची जबाबदारी आहे आणि त्यात संकोच मानू नये.

आपल्या भाच्याविषयीचे उत्तर एका शब्दाचे आहे, ते म्हणजे ‘नाही’. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सोळाव्या-सतराव्या वर्षी परवाना मिळतो, परंतु भारतात मोटार चालवण्यासाठी अठरा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने त्यात काही फरक पडत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. सोसायटीच्या आवारात एक फेरी, गुहागरच्या रिकाम्या रस्त्यावर पाच मिनिटे, असा लाडही करू नका. मुलगा समंजस असेल तर त्याला कारण समजावून सांगितले की तो ऐकेल.

आता गाडी कुणाची, हा प्रश्न. आपली स्वतःची गाडी देण्यात कायद्याची अडचण नाही. आपल्याकडच्या खासगी मोटारीच्या सर्वसमावेशक विम्यात मालकाच्या संमतीने गाडी चालवणारा, वैध परवाना असलेला कोणताही माणूस सामान्यतः धरलेला असतो. तरीही परदेशी परवाना आणि परमिट त्यांना चालते का, हे विमा कंपनीला ई-मेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे, कारण अपघातानंतर फोनवरचे आश्वासन कुणाला आठवत नाही. नुकसानीची मागणी केली तर नो क्लेम बोनस, म्हणजे मागणी न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जातो, हेही यजमानांनी मनाशी धरून ठेवावे. ओरखडा आला तर लेकीच्या सासरी बोलायचे कसे, असा पेच घरात उभा राहणार असेल, तर भाड्याची गाडी बरी.

भाड्याची गाडी घेताना सर्वांत आधी नंबर प्लेट पाहावी, असे मी पुन्हा पुन्हा सांगते आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी युरोपातून आलेल्या एका स्नेह्यासाठी मी ओळखीतून गाडी ठरवली होती. सकाळी सात वाजता एक मुलगा आमच्या इमारतीच्या फाटकाशी ती उभी करून गेला. गाडी स्वच्छ होती, टाकी भरलेली होती आणि आरशाला झेंडूची छोटी माळ होती. किल्ली हातात ठेवताना तो हलक्या आवाजात म्हणाला, “मॅडम, कुणी विचारलं तर भाड्याची आहे म्हणू नका, मित्राची आहे म्हणा.” तेव्हा माझे लक्ष पाटीकडे गेले. पाटी पांढरी होती आणि अक्षरे काळी होती, म्हणजे ती कुणाची तरी खासगी गाडी होती. मी ती घेतली, ही माझी चूक. माणगावच्या गर्दीत मागून एका टेम्पोने धक्का दिला आणि डिकीचे दार आत गेले. खासगी विम्याची गाडी पैसे घेऊन भाड्याने दिल्याचे उघड झाल्यावर विमा कंपनीने हात वर केले, मालकाने अनामत रक्कम ठेवून घेतली आणि दुरुस्तीचा उरलेला खर्च मी पाहुण्याला न कळवता भरला. त्या दिवशी कुणाला इजा झाली नाही, याचेच मला समाधान आहे. इजा झाली असती तर त्या माणसाच्या भरपाईचे काय झाले असते, या विचाराने मी पुढे कित्येक रात्री अस्वस्थ होते.

तेव्हा ओळख पक्की करून घ्या. चालकासह भाड्याने मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी असते आणि अक्षरे काळी. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी असते आणि तिच्यावरची अक्षरे पिवळी असतात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या पाट्या हिरव्या, त्यांतही खासगी गाडीवर पांढरी अक्षरे आणि व्यावसायिक गाडीवर पिवळी. मुलीने पाहून ठेवलेल्या गाडीचा फोटो मागवावा. पाटी पांढरी दिसली तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. रेन्ट-अ-कॅब योजना १९८९ पासून अस्तित्वात आहे आणि तिच्याखाली परवाना घेतलेले व्यावसायिक मुंबईत आहेत, त्यामुळे आडमार्गाने जाण्याची गरज नाही.

करार सही करण्यापूर्वी मुलीने किंवा आपण तो पूर्ण वाचावा. परदेशी परवान्यावर गाडी देतात का, हे आधीच विचारावे, कारण अनेक ठिकाणी आरक्षणासाठी भारतीय मोबाइल क्रमांक आणि भारतीय ओळखपत्र मागतात आणि पाहुणा दारात आल्यावर नकार मिळतो. किमान वय आणि परवाना किती वर्षे जुना असावा, याच्या अटी प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. अपघातात ग्राहकाने जास्तीत जास्त किती रक्कम भरायची, टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग विम्यात आहे का, दुसरा चालक म्हणून आणखी कुणाचे नाव घालता येते का आणि गाडी फेरीबोटीवर चढवायची मुभा आहे का, या चार गोष्टी लेखी घ्या. शेवटची अट लोक विचारत नाहीत आणि कोकणात तीच आडवी येते. परदेशी क्रेडिट कार्डावर भाड्याच्या गाडीचा विमा असतो असे पाहुणे सांगतात, परंतु तो प्रत्येक देशात लागू असतोच असे नाही. जावयांनी बँकेला भारताचे नाव घेऊन विचारावे. गाडीत नोंदणी पुस्तक, विमा, पीयूसी आणि गाडी भाड्याने देण्याचे परमिट आहे ना, फास्टॅगमध्ये शिल्लक आहे ना, हे पाहावे, कारण फास्टॅग चालला नाही आणि रोख पैसे दिले तर टोल दुप्पट पडतो. किल्ली घेताना चारही बाजूंचा, छताचा, स्टेपनीचा आणि किलोमीटरच्या आकड्याचा व्हिडिओ काढून ठेवावा. ई-चलान गाडीच्या मालकाच्या नावे निघते, त्यामुळे पाहुणा परत गेल्यावरही त्याच्या कार्डातून दंडाची रक्कम वळती होऊ शकते. अशा वेळी चलानाची प्रत मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

नातवाचे आसन त्यांनी घरूनच आणावे. इथे भाड्याच्या गाडीबरोबर लहान मुलाचे आसन मिळणे दुर्मीळ आहे आणि चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याशिवाय किंवा योग्य आसनाशिवाय नेल्यास कलम १९४ब खाली एक हजार रुपये दंड आहे. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा बंधनकारक आहे. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून त्यावर जोर दिला. नातवाला आजीच्या मांडीवर बसवून नेण्याचा मोह आपण टाळावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कागद झाले, आता सवयीविषयी लिहिते. जावई उत्तम चालक असतील याबद्दल मला शंका नाही, पण आयुष्यभर रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवणारा माणूस डाव्या बाजूला आला की त्याचे हात जुन्या वळणाने चालतात. गिअर डाव्या हाताने टाकावा लागतो. मारुती, ह्युंदाई, टाटा, महिंद्रा यांच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरचा दांडा चाकाच्या उजवीकडे असतो, त्यामुळे नवखा माणूस वळताना इंडिकेटरऐवजी काच पुसायचा वायपर चालू करतो आणि मागच्या रिक्षावाल्याला काहीच कळत नाही. म्हणून स्वयंचलित गिअरची गाडी घ्यावी, म्हणजे एक ओझे कमी होईल. भाच्याच्या घरच्या मोठ्या माणसांपैकी कुणी चालवणार असेल तर त्यांनाही सांगा की अमेरिकेत लाल दिव्याला थांबून उजवीकडे वळता येते, तसे इथे डावीकडे वळता येत नाही. डावे वळण खुले असल्याची पाटी किंवा हिरवा बाण असेल तरच वळायचे.

सर्वांत धोकादायक गैरसमज दिव्यांच्या झपकीचा आहे. त्याच स्नेह्याबरोबर आम्ही संध्याकाळी कोलाडच्या पुढे होतो. समोरून येणाऱ्या ट्रकने दोनदा दिवे उडवले. आमच्या पाहुण्याने मान हलवून हात वर केला, जणू आभार मानले, आणि पुढच्या बैलगाडीला मागे टाकण्यासाठी गाडी उजवीकडे काढली. त्याच्याकडे दिवे उडवणे म्हणजे “तुम्ही या, मी थांबतो.” आपल्याकडे त्याचा अर्थ नेमका उलटा, “मी येतो आहे, तुम्ही थांबा.” मी ओरडले, त्याने ब्रेक दाबला आणि ट्रक आमच्या आरशापासून हातभर अंतरावरून गेला. पुढचे दहा किलोमीटर गाडीत कुणी बोलले नाही. जावयांना बाकी काही सांगायचे राहिले तरी चालेल, हे एक सांगायचे राहू देऊ नका.

मद्याविषयीही स्पष्ट बोलावे. नेदरलँड्समध्ये बहुतेक चालकांसाठी रक्तातल्या मद्याची मर्यादा शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम आहे, आपल्याकडे ती तीस आहे. तिथे जेवणाबरोबर चालणारा पेला इथे गुन्हा ठरू शकतो. पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे आणि डिसेंबरअखेरीस मुंबईत जागोजागी नाकाबंदी असते. त्या दिवसांत एक थेंबही नको, असाच नियम घरात ठेवा.

मुंबई शहरात त्यांनी गाडी चालवू नये, असे माझे ठाम मत आहे. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर या भागांत एकदिशा मार्गांचे जाळे आहे, सम आणि विषम तारखांच्या पार्किंगच्या पाट्या मराठीत असतात, बेस्टची बस, हातगाडी आणि डबेवाल्याची सायकल एकाच वेळी एकाच जागेत येतात आणि टोइंगवाले गाडी कुठे घेऊन गेले हे शोधण्यात अर्धा दिवस जातो. शहरासाठी चालकासह गाडी करावी. आठ तास आणि ऐंशी किलोमीटर अशी पद्धत सर्वत्र आहे. युरोपातून येणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीच्या सुमारास उतरतात. त्या झोपेच्या अवस्थेत विमानतळावरच गाडी ताब्यात घेऊ नये. दोन दिवस विश्रांती घ्यावी, त्या दोन दिवसांत जावयांनी चालकाशेजारच्या आसनावर बसून रस्ता पाहावा आणि मग एखाद्या रविवारी सकाळी सहा वाजता आपल्यापैकी कुणाला तरी शेजारी घेऊन अटल सेतूपर्यंत जाऊन यावे. एकवीस किलोमीटरहून लांब असलेल्या त्या सेतूवर दुचाकी आणि रिक्षा नाहीत, मोटारींना ताशी शंभरची मर्यादा आहे, आणि डाव्या बाजूने चालवण्याचा हात बसवायला यापेक्षा मोकळी जागा मुंबईजवळ नाही. सागरी किनारा मार्गावर मात्र वेग सांभाळायला सांगा. सरळ भागात ऐंशी, बोगद्यात साठ आणि चढण्या-उतरण्याच्या ठिकाणी चाळीस अशी मर्यादा आहे आणि कॅमेरे लक्ष ठेवून असतात.

गुहागर अडीचशेहून अधिक किलोमीटर आहे. मुंबई-गोवा महामार्गाने जायचे तर पहाटे निघा आणि नाताळच्या सुट्टीचा शनिवार टाळा, कारण इंदापूर-माणगावच्या कोंडीत लहान मूल हैराण होते. अंधारात कोकणात चालवायचे नाही, हे आधीच ठरवून घ्या. विना दिव्याची गाडी, रस्त्यात बसलेली गुरे आणि समोरचे प्रखर दिवे यांतून वाट काढणे परक्या माणसाचे काम नाही. घाटात अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, हा नियम जावयांना आवडेल आणि एसटीच्या चालकाला ती वाट दिली तर तो हात दाखवून जातोही.

मला विचाराल तर मी त्यांना समुद्राच्या कडेकडेने पाठवीन. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट मोटारीसकट जाते, साधारण तासाभरात पलीकडे उतरता येते आणि मुंबईतून बाहेर पडण्याची सगळी दगदग वाचते. तिथून अलिबाग, रेवदंडा, मुरुड, मग आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट. पुढे बागमांडल्याहून वेसवीला दुसरी. दापोलीत मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी दाभोळहून धोपाव्याला तिसरी बोट घेतली की गुहागर जवळच येते. रस्ते अरुंद आहेत, पण अवजड वाहने कमी, वेग आपोआप कमी, आणि बोटीच्या कठड्याशी उभ्या राहिलेल्या नातवाला खाडीवरचे पक्षी दिसतील. घाईच्या माणसाने हा मार्ग घेऊ नये, दोन दिवस हाताशी हवेत. रो-रोचे आरक्षण नाताळाच्या दिवसांत आधीच करा. आणि गुहागरला पोहोचल्यावर गाडी पुळणीवर उतरवू नका. भरती आली की चाके रुततात आणि अशा नुकसानीची जबाबदारी भाड्याचे करार बहुधा नाकारतात.

दुर्दैवाने अपघात झालाच तर गाडी थांबवावी, जखमीला मदत मिळवून द्यावी आणि ११२ वर फोन करावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत. कलम १३४ प्रमाणे चालकाने जखमीवर उपचार होतील असे पाहायचे असते आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचे असते. जमाव खवळलेला असेल आणि तिथे थांबणे शक्य नसेल, ही परिस्थितीही त्याच कलमात मान्य केली आहे. अशा वेळी थेट पोलीस ठाण्यात जावे. जागेवर रोख पैसे देऊन मिटवू नये, कारण पोलिसांकडे नोंद नसेल तर विम्याची मागणी कमकुवत होते. जावयांना मराठी येत नसेल तर गाडीत मराठी बोलणारे एक प्रौढ माणूस कायम असावे.

आणि ते माणूस कोण, यावरून एक विचारते. आपल्या पत्रात जावई आहेत, यजमान आहेत, दीर आहेत, भाचा आहे, पण गाडी चालवण्याच्या संदर्भात मुलीचा उल्लेख नाही. ती पार्ल्यात वाढली आहे, तेव्हा तिने इथे परवाना काढला असण्याचा संभव आहे. तो अजून वैध असेल तर त्यावर ती आजही गाडी चालवू शकते आणि तिला दिव्यांच्या झपकीचा अर्थ कुणी शिकवावा लागणार नाही. परवान्यावरची तारीख पाहावी. मुदत संपून एक वर्षाच्या आत असेल तर नूतनीकरण होते, त्याहून जुना झाला असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर ही स्थिती आज रात्रीच तपासता येईल. भाड्याच्या करारात दुसरी चालक म्हणून तिचे नाव घाला. मुंबईतून बाहेर पडेपर्यंत आणि गावांच्या बाजारपेठांतून तिने चालवावे, मुरुडच्या पुढचा मोकळा रस्ता जावयांना द्यावा. आज फोन होईल तेव्हा तिला एवढेच विचारा, “तुझं लायसन्स कुठे ठेवलं आहेस?”